आधी छपरीतली बैठक, मग कंपनीची

पत्र (थोडक्यात) : आदरणीय ताई, मी हिंगणघाट तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ११ वर्षांपासून मेन्टेनन्स विभागात आहे. कंपनी मला जर्मनीतील मूळ कारखान्यात १८ महिन्यांसाठी पाठवते आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचे आहे. आल्यावर इन्चार्ज करू, असे साहेबांनी तोंडी सांगितले आहे. घरी ६८ वर्षांचे बाबा, मधुमेह असलेली आई, पत्नी (ती गावातच अंगणवाडी सेविका आहे), दुसरीतली मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा असे आम्ही राहतो. सात एकर वावर आहे. धाकटा भाऊ पुण्याला असतो, बहीण समुद्रपूरला दिली आहे. बाबा म्हणतात, "तू जाय बापा, आमची चिंता नोको करू." आई गप्प झाली आहे. पत्नी म्हणते, "तुम्हाला जसं वाटेल तसं करा." तिची मानधनाचीच तर नोकरी आहे, म्हणून तिला आणि लेकरांना सोबत न्यावे असे मला वाटते. १५ दिवसांत होकार कळवायचा आहे. पगाराचे आणि भत्त्याचे कंपनीशी कसे बोलावे, हे सांगावे.

उत्तर :

भत्त्याबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे, पण ते पुढे येईल, कारण कंपनीकडे नेमके काय मागायचे हे घरात ठरल्याशिवाय तुम्हाला कळणारच नाही. आज तुमच्या हातात कंपनीच्या अटी आहेत आणि घरच्यांच्या अटी मात्र कोणी बोलूनच दाखवलेल्या नाहीत. बाबांनी चिंता करू नको म्हटले, आई गप्प राहिली आणि पत्नीने निर्णय तुमच्यावर सोडला. या तिन्हींपैकी एकालाही मी होकार म्हणणार नाही. आपल्याकडे मुलाच्या प्रगतीच्या आड येऊ नये म्हणून मायबाप असेच बोलतात, आणि ज्या सुनेला आजवर कोणी विचारले नाही ती विचारल्यावरही असेच उत्तर देते.

सर्वांत आधी तुमच्या एका वाक्याविषयी बोलते, कारण ते वाचून मला वाईट वाटले. "मानधनाचीच तर नोकरी आहे," असे तुम्ही लिहिले आहे. अंगणवाडी सेविकेचे पद मानधनाचे आहे हे खरे, पण त्या पदासाठी त्याच गावची रहिवासी असण्याची अट असते, जागा एकच असते आणि ती एकदा रिकामी झाली की तिच्यावर दुसरी बाई नेमली जाते. दीड वर्षाने परत आल्यावर तुमची खुर्ची कंपनी राखून ठेवील, असे तुम्ही गृहीत धरता आहात. तिची जागा कोण राखून ठेवणार आहे? गावातल्या लेकरांची वजने घेणारी, गरोदर बायांच्या नोंदी ठेवणारी, ग्रामसभेत जिला नावाने ओळखतात अशी ती आहे. परदेशातल्या दोन खोल्यांत, भाषा येत नसताना, दिवसभर दोन लेकरांसोबत राहण्यासाठी हे सगळे सोडायचे की नाही, हे तिने ठरवावे. त्यासाठी तिने स्वतः बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना अर्ज देऊन किती दिवसांची रजा मिळू शकते आणि पदाचे काय होईल, हे लेखी विचारावे. तुम्ही तिच्या वतीने विचारू नका. उत्तर काय येते यावर पुढची बरीच बोलणी अवलंबून आहेत.

आता बैठकीविषयी. रात्री जेवणे झाल्यावर छपरीत सगळ्यांनी बसावे, भावाला फोनच्या स्पीकरवर घ्यावे आणि बहिणीला शक्यतो घरीच बोलवावे. त्या बैठकीत "मी जाऊ का?" असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर तुम्हाला आधीच मिळालेले आहे आणि ते पुन्हा तेच मिळेल. "मी इथे नसताना माझे कोणते काम कोणाच्या अंगावर पडेल?" असे विचारा, मुलीच्या वहीतील दोन कोरी पाने घ्या आणि येईल ते लिहीत जा. तुम्ही सर्वांत शेवटी बोला. माझा अनुभव असा आहे की कामाबद्दल विचारले की माणसे मनातले बोलू लागतात. ज्या बाबांना "मला एकटे वाटेल" असे तोंडाने म्हणता येणार नाही, ते "रात्रीच्या लाइनीवर हरभऱ्याचे ओलित कोण करील?" असे मात्र नक्की विचारतील, आणि त्या प्रश्नात त्यांचे सगळे म्हणणे येऊन जाईल.

वावराचा हिशेब नीट करा. तुम्ही कारखान्यात अपडाउन करता, पण फवारणीच्या रविवारी पाठीवर पंप कोणाच्या असतो, रोही (नीलगायी) आणि डुकरांसाठी जागलीला कोण जाते, कापूस विकायला गाडीसोबत कोण जाते? बहुधा तुम्हीच. तुम्ही गेल्यावर ही कामे आपोआप ६८ वर्षांच्या माणसाकडे जातील आणि ते नाही म्हणणार नाहीत. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले, हे आपण कोणी विसरलेलो नाही. बाबांनी फवारणी करायची नाही, हे त्या वहीत पहिल्या ओळीवर लिहा आणि फवारणीच्या मजुरीचे पैसे तुमच्या परदेशी भत्त्यातून बाजूला काढा. सात एकरांसाठी पाडव्यापासून सालगडी ठेवणे परवडणार नाही असे मला वाटते. त्यापेक्षा चार एकर विश्वासातल्या माणसाला बटईने (पीक वाटून घेण्याच्या बोलीवर) द्यावे आणि घराजवळचे तीन एकर बाबांकडे राहू द्यावे. सगळे वावर मात्र बटईने देऊ नका. ज्या माणसाने आयुष्यभर पेरणी केली, त्याच्या हातून एकाच वर्षी मुलगा आणि तिफण दोन्ही काढून घेऊ नयेत.

येथे एक बारीक गोष्ट सांगते, जी निघण्याच्या घाईत हमखास राहून जाते. बाबांच्या बँकेला, आधारला, शेतकरी ओळखपत्राला आणि पीकविम्याला कोणता मोबाइल नंबर जोडलेला आहे, ते तपासा. बहुतेक घरांत तो मुलाचा असतो. तुम्ही जर्मनीत असताना सिम बंद पडले किंवा तुम्ही पाळीवर असलात, तर इकडे बँकेच्या काउंटरवर उभ्या असलेल्या बाबांचा ओटीपी तिकडे तुमच्या खिशात वाजेल. ई-पीक पाहणी कोण करणार, पीककर्जाचे नूतनीकरण कोणत्या तारखेला आहे, हेही लिहा. मुदतीत परतफेड करणाऱ्यांनाच डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळतो आणि एक तारीख चुकली की तो जातो. हे नंबर आणि या तारखा पत्नीकडे सोपवायच्या असतील, तर त्यासोबत पैसे काढण्याचा अधिकारही तिलाच द्या. जबाबदारी तिच्याकडे आणि एटीएम कार्ड सासऱ्यांच्या खुंटीवरच्या बंडीत, अशी व्यवस्था दोन महिने टिकत नाही.

आईंचे गप्प होणे मी वेगळे काढते. त्यांच्या तपासणीला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात कोण घेऊन जाते, गोळ्या कोण आणते, रात्री साखर उतरली तर पहिला फोन कोणाला जातो? बहिणीने दर महिन्याची फेरी घ्यावी आणि भावाने तिच्या गाडीचा व औषधांचा खर्च उचलावा, असे बैठकीत स्पष्ट ठरवा. भाऊ पुण्याला आहे म्हणून त्याला सूट देऊ नका. तुम्ही इतकी वर्षे जवळ राहून त्याची मोकळीक जपली आहे आणि आता १८ महिने त्याने तुमची जपावी, हे सांगण्यात कमीपणा नाही. गोळ्यांच्या डब्यावर सकाळ, दुपार, रात्र असे मोठ्या अक्षरांत मुलीकडून लिहून घ्या. आजीला ती अक्षरे आवडतील आणि मुलीलाही आपल्याकडे एक काम आहे असे वाटेल.

आता लेकरे. मोठी मुलगी दुरावा सोशील, कारण तिला "परत येईन" या शब्दाचा अर्थ कळतो. अडीच वर्षांच्या मुलाला तो कळत नाही. १९९८ मध्ये माझे पती दोन वर्षांसाठी मस्कतला गेले, तेव्हा आमची धाकटी एवढीच होती. दर रविवारी आम्ही एसटीडी बूथवर रांग लावायचो आणि फोन कानाला लावला की ती रिसीव्हरच्या आत बघायची. ते परत आले त्या दिवशी ती धान्याच्या कोठीमागे जाऊन उभी राहिली आणि आठ दिवस त्यांच्या हातून घोटभर पाणीही प्यायली नाही. ते तिला जवळ घेण्याची घाई करायचे आणि ती आणखी दूर जायची. शेवटी त्यांनी तिच्यामागे फिरणे सोडले आणि रोज संध्याकाळी तिच्याजवळ नुसते बसून शेंगा सोलू लागले, तेव्हा नवव्या दिवशी ती आपली वाटी घेऊन त्यांच्या मांडीवर बसली. तुमच्याकडे व्हिडिओ कॉल आहे, हे फार मोठे सुख आहे. पण त्याची वेळ बांधून घ्या. जर्मनीची घड्याळे आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतात, म्हणजे तुमची पाळी चार वाजता सुटली तर हिवाळ्यात इकडे साडेआठ झालेले असतील आणि पोरगा झोपेला आलेला असेल. सकाळची वेळ मिळते का, हे कंपनीला आधीच विचारा. ही मागणी भत्त्याइतकीच खरी आहे.

कुटुंबाला सोबत न्यावे का, या प्रश्नावर माझे मत विचाराल तर पूर्ण १८ महिन्यांसाठी नेऊ नये. तिकडे शाळा सक्तीची असते. सरकारी शाळेत शिकवणी शुल्क नसते आणि जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी अनेक ठिकाणी तयारीचे वर्गही असतात, पण भाषा अंगवळणी पडेपर्यंत परतीची वेळ येईल. परत आल्यावर शाळेची मात्र भीती बाळगू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावाच लागतो आणि दाखल्याअभावी तो नाकारता येत नाही. माझी अडचण शाळेची नाही. तुम्ही चौघेही निघालात तर मागे दोन म्हातारी माणसे आणि एक कुलूपबंद खोली राहील, आणि तुमच्या पत्नीची जागा जाईल ती कायमची. त्याऐवजी मधला मार्ग पाहा. आपल्याकडे विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मे आणि जूनच्या त्या सुट्टीत पत्नी आणि मुले तुमच्याकडे येऊ शकतात. जर्मनीसह युरोपातील अनेक देश मिळून झालेल्या शेंगेन क्षेत्राच्या अल्पकालीन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते. पत्नीला तेवढी रजा मिळाली तर हे जमेल. तिला सगळे सोडून पूर्ण काळ यायचे असेल आणि ते तिने मनापासून सांगितले, तर माझे मत बाजूला ठेवा आणि तिचे ऐका.

दोन्ही वाटांसाठी कागद आजपासूनच जमवावे लागतील. खेड्यातील पुष्कळ लग्नांची नोंदणीच झालेली नसते. ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढा, आधार, पॅन आणि मुलांच्या जन्मदाखल्यावर पत्नीचे नाव एकसारखे आहे का ते पाहा आणि तिघांच्या पासपोर्टचे अर्ज भरून टाका. मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात, म्हणून हे काम तुम्ही इथे असतानाच उरकलेले बरे.

जाता जाता एक खुलासा करते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा जो करार केला, त्याच्याशी तुमच्या नेमणुकीचा संबंध नाही. गावात कोणी त्या योजनेचे नाव घेऊन फी किंवा भाषेच्या वर्गाचे पैसे मागू लागला, तर एक रुपयाही देऊ नका. तुमच्या व्हिसाचा खर्च कंपनीने करायचा आहे.

आता कंपनी. घरची वही समोर ठेवून साहेबांकडे जा आणि सर्वांत आधी तारखेबद्दल बोला. माझ्या पाहण्यात असे आले आहे की कंपन्या रक्कम सहजी वाढवत नाहीत, पण तारीख बऱ्याचदा सरकवतात, आणि शेतकरी घराला तारखेची किंमत रकमेपेक्षा जास्त असते. नोव्हेंबरमध्ये निघालात तर सीतादही (वेचणीच्या सुरुवातीची पूजा) होऊन वेचणी ऐन भरात आली असताना तुम्ही नसाल, पुढच्या वर्षीची वेचणीही चुकेल आणि एप्रिलअखेर परत याल. म्हणजे दोन वेचण्या आणि एक पेरणी. जानेवारीच्या मध्यावर निघालात तर या वर्षीचा बराचसा कापूस घरात येईल, पुढची एक वेचणी चुकेल, पण परत येईपर्यंत दुसरी पेरणीही उरकलेली असेल. पेरणी बटईदार आणि बाबा मिळून काढतील. वेचणीत मजूर आणणे, माप घेणे, भाव बघून विकणे ही माणसाला थकवणारी कामे असतात. म्हणून मी जानेवारी मागीन आणि जमल्यास मुदत १६ महिन्यांवर आणून ठेवीन, म्हणजे मृगाच्या आधी तुम्ही घरी असाल.

इन्चार्जच्या पदाचे तोंडी आश्वासन नेमणुकीच्या पत्रात आले पाहिजे : परतल्यावर कोणते पद, कोणत्या श्रेणीत आणि किती दिवसांत. माझ्या पतींना असेच एक आश्वासन मिळाले होते. ते परतले तेव्हा ते देणारे साहेब दुसऱ्या शहरात बदलून गेले होते आणि नव्या साहेबांनी कागद मागितला. आमच्याकडे कागद नव्हता. तसेच इथला मूळ पगार आणि भविष्य निर्वाह निधी चालू राहणार की तुम्हाला तिकडच्या पगारपत्रकावर घेणार, हे विचारा. भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे; भारतीय कंपनीने तात्पुरते पाठवलेल्या कर्मचाऱ्याचा निधी इथे कापला जात असेल, तर भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून कव्हरेज प्रमाणपत्र घेऊन तिकडच्या पेन्शनची वर्गणी टाळता येते. ते प्रमाणपत्र निघण्याआधी हातात पाहिजे. आरोग्य विमा मात्र तिकडे सक्तीचा आहे, त्याचा हप्ता कोण भरणार ते लिहून घ्या. राहण्याच्या खोलीचे भाडे कंपनी देणार असेल तर त्यात हीटिंगचा खर्च धरला आहे का, हे नक्की विचारा. तिकडच्या हिवाळ्यात तो लहान खर्च नसतो.

घरासाठी दोन कलमे मागा आणि त्यांवरून मागे हटू नका. मधे एकदा घरी येण्याचे तिकीट आणि त्यासाठीची रजा ठरलेली असावी. जर्मनीच्या कायद्यात पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाकाठी किमान २० दिवसांची भरपगारी रजा आहे, त्यामुळे ही मागणी वावगी नाही. दुसरे, आईवडील, पत्नी किंवा मुले यांच्या गंभीर आजारपणात तातडीने येण्याचा खर्च कंपनीने करावा, आणि त्या कारणाने काम अर्धवट सोडावे लागले तर बाँडची रक्कम वसूल करू नये. फ्रँकफर्टहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून नागपूर आणि मग गाव, अशा प्रवासात दीड दिवस जातो. अशा वेळी तिकिटाच्या मंजुरीसाठी ई-मेलची वाट बघावी लागू नये. पासपोर्ट सदैव तुमच्याजवळ राहील, हेही बोलून ठेवा.

करांचे गणित थोडे किचकट आहे, पण तुमच्यासाठी महत्त्वाचे आहे. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा अधिक काळ भारतात राहिलेला माणूस त्या वर्षी करासाठी निवासी ठरतो. तुम्ही नोव्हेंबरमध्ये निघा की जानेवारीत, जाण्याचे वर्ष आणि परतीचे वर्ष या दोन्हींत तुम्ही निवासीच राहाल आणि त्या महिन्यांचा परदेशी पगार इथल्या विवरणपत्रातही दाखवावा लागेल. मधले वर्ष तेवढे अनिवासी. दोन्ही देशांत एकाच पैशावर दोनदा कर बसू नये यासाठी करार आहे, पण त्याची सवलत अर्ज करून घ्यावी लागते. म्हणून दोन्हीकडच्या सनदी लेखापालांची फी कंपनीने भरावी आणि इथल्यापेक्षा जास्त पडणारा कर कंपनीने सोसावा, ही मागणी भत्त्याच्या आधी ठेवा. भत्त्याचा आकडा मोठा आणि हातात पडणारी रक्कम लहान, असे होण्याचे मुख्य कारण हेच असते.

वावर घेण्याचा विचार मनात असेल, आणि परदेशी पैशाचे नाव निघाले की आपल्याकडे तो असतोच, तर हे ध्यानात ठेवा : नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस परकीय चलन कायद्याप्रमाणे अनिवासी होतो आणि अनिवासी असताना त्याला शेतजमीन खरेदी करता येत नाही. वडिलोपार्जित जमीन त्याच्याकडे राहू शकते, वारसानेही येऊ शकते. नवीन खरेदी मात्र परतल्यावरच करावी. शेजारच्या वावराचा इसार तिकडून पाठवण्याची घाई करू नका. तुमचे इथले बचत खाते बँकेला सांगून एनआरओ (अनिवासी माणसाचे इथल्या उत्पन्नासाठीचे खाते) करून घ्यावे लागेल, आणि तिकडून पैसे पाठवण्यासाठी एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचे) खाते उघडा. त्यावरील व्याजाला इथे कर लागत नाही.

१५ दिवसांची मुदत तुम्हाला घाईची वाटते आहे आणि तुमच्या जागी मलाही वाटली असती. उद्या सकाळी साहेबांना दोन ओळींचा ई-मेल पाठवा : आपल्याला ही नेमणूक हवी आहे, अटींचा लेखी मसुदा मिळावा, आणि कुटुंबाशी बोलून उत्तर देण्यासाठी आणखी १० दिवस द्यावेत. हे ११ वर्षे नोकरी केलेल्या माणसाने मागितले तर कोणी त्याचे नाव यादीतून काढत नाही. तो ई-मेल पाठवण्याआधी पत्नीला वाचून दाखवा, आणि तिने त्यात एखादा शब्द बदलायला सांगितला तर बदला.